पंधरावं नाव

बाबांच्या दिवाळखोरीचा अर्ज मी स्वतः टाइप केला, कार्बन लावून, चार प्रतींत. त्यात एक खोटं होतं आणि टाइप करताना ते मला माहीत होतं. वकिलाच्या कचेरीत बसून लोकांचं खोटं टाइप करण्याचं मला काही वाटत नसे, पगारच त्याचा होता. हे मात्र घरचं होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि धंतोलीत एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होते. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमचं घर महाल भागात, भाड्याच्या दोन खोल्या, आणि मागच्या बाजूला बाबांचं बिछायत केंद्र. लग्नाकार्याला मंडप, गाद्या, सतरंज्या, मोठाली भांडी भाड्याने देणारं दुकान, त्याला आमच्याकडे हेच नाव. बाबांना दुकानाचा भारी अभिमान. एखाद्या लग्नात जेवायला गेले तरी आधी वर बघायचे, मंडपाचं कापड कोणाचं आहे ते. आई म्हणायची, यांना नवरा-नवरी कधी दिसलेच नाहीत, मंडपाच्या लाकडी बल्ल्याच दिसल्या.

आदल्या हिवाळ्यात त्यांनी इतवारीतल्या एका सावकाराकडून कर्ज काढलं आणि नवा शामियाना, दोनशे लोखंडी खुर्च्या, नव्या गाद्या घेतल्या. उन्हाळ्यात भर दुपारी गोदामाला आग लागली. कापसाच्या गाद्या दोन दिवस धुमसत होत्या आणि सगळी गल्ली खोकत होती. विमा माणसाच्या मरणाचा असतो एवढंच बाबांना ठाऊक. वाचलेल्या सामानावर त्यांनी पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला, पण ते दिवस धान्याच्या टंचाईचे, लग्नात किती पानं उठवायची यावर सरकारी बंधन होतं. दोनशे खुर्च्यांची लग्नं चाळीस खुर्च्यांवर आली. मग एकाचं फेडायला दुसऱ्याकडून, दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्याकडून. वर्षभरात असे चौदा जण झाले.

सावकाराने दावा लावला आणि जिंकला. एका दुपारी बाबा सायकलवरून थेट आमच्या कचेरीत आले. एरवी ते कधी येत नसत. मुलगी नोकरी करते हे त्यांना मान्य होतं, पण करताना बघायचं नव्हतं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वकीलसाहेबांना न देता माझ्या हातात दिला. कोर्टाची नोटीस होती. हुकूमनाम्याची रक्कम भरली नाही, सबब तुम्हाला दिवाणी कैदेत का ठेवू नये, ते येऊन सांगा. तारखेला एकवीस दिवस होते.

"इंग्रजीत काय लिहिलं, सांग ना वं," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. माझा आवाज चांगला स्थिर होता, याचा मला अजून राग येतो.

वकीलसाहेबांनी त्यांना बसवलं. त्यांच्या मते वाटा चार होत्या. पहिली, सगळ्या देणेकऱ्यांना एकत्र बसवून हप्ते बांधून घ्यायचे आणि तसं लिहून घ्यायचं. तेरा जण ऐकतील, सावकार ऐकणार नाही. दुसरी, कैदेत जायचं. "तिथे तुमच्या जेवणाचा भत्ता सावकारालाच भरावा लागतो. तो भरायचा थांबला की तुम्ही सुटाल, नाहीतर मुदत संपल्यावर सुटाल. पण कर्ज तिथल्या तिथे राहील."

"म्हणजे तो मले खाऊ घालंल?" बाबांनी विचारलं.

"कायद्याने, हो."

"त्याच्या पैशाचं मी खाणार नाही," बाबा म्हणाले. भर कर्जात बुडालेला माणूस असं बोलला आणि वकीलसाहेब हसले नाहीत, यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

तिसरी वाट त्यांनी बोलून दाखवली नाही. खिडकीबाहेर पाहत ते एवढंच म्हणाले की, रायपूर-भिलाईकडे आपली बरीच माणसं अलीकडे राहायला गेली आहेत. चौथी वाट म्हणजे नादारीचा अर्ज. जिल्हा कोर्टात जाऊन सांगायचं की माझ्याने फिटत नाही. होतं-नव्हतं ते सगळं कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात द्यायचं, तो ते विकून सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाटणार. कैद टळते. पुढे वागणूक नीट असेल तर कोर्ट राहिलेल्या कर्जातून मोकळं करतं.

"दिवाळं," बाबा म्हणाले.

"कायद्यात त्याला संरक्षण म्हणतात."

"महालात दिवाळंच म्हणतात, साहेब."

अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वैपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं एवढं कोर्ट घेत नाही, हे ऐकून बाबांचा चेहरा जरा उजळला. पाचशे पानांचा भात होईल अशी गंजं आमच्याकडे सात होती. ती स्वैपाकाची नाहीत तर कशाची, असं त्यांचं म्हणणं. वकीलसाहेबांनी ते समजुतीने खोडून काढलं. मग त्यांनी टेबलावर बोट आपटलं.

"यादी पुरी पाहिजे. पाच रुपये देणं असेल त्याचंही नाव पाहिजे. एक जरी लपवलंत आणि समोरच्याने ते कोर्टाला दाखवलं, तर अर्ज जाईल, संरक्षण जाईल आणि वर खोट्या प्रतिज्ञापत्राचा खटला. मग कैद माझ्याने टळणार नाही." हे बोलताना ते बाबांकडे पाहत होते, शेवटचं वाक्य मात्र माझ्याकडे पाहून बोलले.

यादी आम्ही रविवारी सकाळी घरी केली. बाबा पलंगावर, मी खाली पाठकोरे कागद घेऊन, आई दारात तांदूळ निवडत. बाबा नाव सांगत, आकडा सांगत, मी लिहीत होते. सावकार, कापडवाला, किराणावाला, खुर्च्यांचा कारखानदार, माझे मोठे मामासुद्धा. मामाचं नाव आलं तेव्हा आईचा हात सुपात थांबला. चौदा झाले आणि बाबा म्हणाले, "झालं."

"मिस्त्रीकाका राहिले," मी म्हटलं.

मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचा मुख्य मंडपवाला. शहरातच, इंदोऱ्याच्या वस्तीत राहायचे. सोळा वर्षं आमच्याकडे होते. कुठे किती बल्ल्या लागतील हे ते जागा नुसती चालून सांगत, आणि त्यांनी बांधलेली काथ्याची गाठ वादळात सुटली असं कधी झालं नाही. या धंद्यात एक पद्धत होती. लग्नाचा सीझन संपला की पावसाळाभर काम नसे, म्हणून मजूर सीझनमध्ये मजुरीतले थोडे पैसे मालकाकडेच ठेवत आणि पावसाळ्यात लागतील तसे नेत. मिस्त्रीकाका नेतच नसत. त्यांना घराला विटांच्या भिंती घालायच्या होत्या. साठत साठत ते अठ्ठावीसशे रुपये झाले होते. ते ज्या वहीत लिहिलेले होते ती वही गोदामाबरोबर जळली, म्हणजे आता हा आकडा फक्त दोन माणसांच्या डोक्यात होता. आणि माझ्या, कारण ती वही दर पावसाळ्यात मीच जुळवत असे.

"त्याचं नाव नको टाकू," बाबा म्हणाले.

"काहून?"

"हे बुडालेल्या लोकाइची यादी होय. सावकाराचे बुडले तर बुडले, त्यानं व्याजात कमावले. मिस्त्रीचे मी बुडवून राहिलो नाही. त्याचे मी देणार आहे. यादीत टाकले की कायदा म्हणते, नाही दिले तरी चालते. मले तसं चालत नाही."

"बाबा, वकीलसाहेब काय म्हणाले ते ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं." मग ते आईकडे वळले. "सोळा वर्षं तो माह्यावर भरोसा ठेवून राहिला. त्याचं नाव दिवाळ्याच्या कागदावर घालू?"

आई म्हणाली, "नका घालू." तांदळातून मान वर न करता म्हणाली.

मला त्या क्षणी बाबांचा अभिमान वाटला. हे लिहायला हवं, कारण नंतर मी या गोष्टीवर पुष्कळ चिडले. त्या सकाळी मात्र मला वाटलं की आमचं सगळं जातंय, पण एक गोष्ट आम्ही नेऊ देत नाही आहोत. सोमवारी कचेरीत मी चौदा नावं टाइप केली आणि खाली ते ठरलेलं वाक्य टाइप केलं, की याव्यतिरिक्त माझं कोणाचंही देणं नाही. वकीलसाहेबांनी विचारलं, "पुरी आहे?" मी म्हटलं, "हो." बाबांनी सही केली. मिस्त्रीकाकांना विचारावं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अर्ज दाखल झाला, सुनावणीपर्यंत अटक थांबली. बाबा सायकलवरून हिंडायला लागले, थोडं जेवायला लागले. मग सुनावणीच्या चार दिवस आधी समोरच्या बाजूने साक्षीदाराचं नाव दिलं. वकीलसाहेबांनी ते वाचलं आणि मला बोलावलं.

"हे मिस्त्री कोण?"

कसं झालं ते नंतर कळलं. आमच्याच एका जुन्या मजुराने पानठेल्यावर कोणाला तरी सांगितलं होतं की मालकाकडे मिस्त्रीचे पैसे अडकले, आणि ते सावकाराच्या मुनिमाच्या कानावर गेलं होतं. मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आता नाव घातलं तर लपवलं होतं हे सिद्धच होतं. तो माणूस काय सांगेल?"

"खरं," मी म्हटलं. "ते खोटं बोलत नाहीत."

"मग वडिलांची पिशवी भरून ठेव," ते म्हणाले. "कपडे, चादर, काही औषध असेल तर."

आईने खरंच पिशवी भरली. दोन धोतरं, दोन बंड्या, टॉवेल, आणि तळाशी लिंबाच्या लोणच्याची छोटी बरणी. तुरुंगात लोणचं चालतं का, हे तिला कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं. मी बाबांना एकदाच म्हटलं, मिस्त्रीकाकांना जाऊन भेटा. ते म्हणाले, "भेटून काय सांगू? खोटं बोल म्हणू?" आणि ते गेले नाहीत. मीही गेले नाही. वकीलसाहेबांनी बजावलं होतं की साक्षीदाराच्या आसपास फिरकू नका. खरं कारण तेवढंच नव्हतं. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टाच्या व्हरांड्यात मिस्त्रीकाका आमच्या आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी त्यांना नेहमी खांद्यावर दोरीचं वेटोळं घेतलेलं पाहिलेलं, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मान हलवली नाही. बाबा पिशवी पायाशी ठेवून समोरच्या बाकावर बसले. पाऊण तास दोघं समोरासमोर बसून होते.

आधी बाबांना पिंजऱ्यात बोलावलं. सावकाराच्या वकिलाने विचारलं, "यादीतल्या चौदा जणांशिवाय तुम्ही कोणाचं देणं लागता?"

"नाही," बाबा म्हणाले. इतक्या हळू की न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं. "नाही." आयुष्यात त्यांनी ग्राहकाला गादीतल्या कापसाचं वजनसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

मग मिस्त्रीकाकांचा पुकारा झाला. कारकुनाने सवयीने सुरू केलं, "ईश्वरसाक्ष खरं सांगेन..."

"ईश्वर नाही," मिस्त्रीकाका म्हणाले. "प्रतिज्ञेवर सांगतो."

कारकुनाने कागद बदलला. प्रतिज्ञा झाली. वकील पुढे आला, अगदी आरामात. त्याला ठाऊक होतं की त्याने काम फत्ते केलंय.

"यांच्याकडे किती वर्षं कामाला होता?"

"सोळा."

"मजुरीतले पैसे यांच्याकडे ठेवत होता?"

"हाव. आमच्या धंद्यात सगळेच ठेवतात."

"परत किती नेले?"

"लागले तसे नेले."

"सरळ सांगा. आज या माणसाकडून तुम्हाला पैसे येणं आहेत की नाहीत?"

मिस्त्रीकाकांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले. ते बाबांकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. त्यांची नजर खाली, बाबांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीवर होती. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. आईने माझं मनगट धरलं होतं, तिची बांगडी हाडाला रुतत होती आणि मी हात सोडवून घेतला नाही.

"नाही," ते म्हणाले. "आज माह्यं काही येणं नाही."

"तुम्ही प्रतिज्ञेवर सांगताय, लक्षात आहे?"

"म्हणूनच सांगून राहिलो."

वकिलाने आणखी तीन-चार तऱ्हांनी विचारलं. उत्तर तेच आलं. वही होती का? होती, जळली. हिशेब झाला का? झाला. कधी? झाला. शेवटी न्यायाधीश म्हणाले, पुरे. बाबांना नादार ठरवणारा हुकूम त्याच दिवशी दुपारी झाला. कैद टळली. पिशवी जशी भरली होती तशीच परत न्यायची होती.

बाहेर चहाच्या ठेल्याजवळ मिस्त्रीकाका उभे होते. बाबा जवळजवळ धावतच गेले आणि आधी दोन चहा सांगून पैसे दिले.

"मिस्त्री, तुह्ये पैसे मी..."

"कोणते पैसे?"

बाबा थांबले.

"छप्पन साली दीक्षाभूमीवर मी प्रतिज्ञा घेतली, मालक. खोटं बोलणार नाही, ही त्यातली एक. तेव्हापासून पाळून राहिलो. आज पिंजऱ्यात चढलो तं तुम्ही ते थैली घेऊन बसले होते. मनात म्हटलं, पैसे सोडले. आधी सोडले, मंग बोललो. म्हणून खोटं झालं नाही." ते चिडले होते. इतके चिडलेले मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "आता तुम्ही देऊन राहिले अन् मी घेतले, तं आजचं माह्यं बोलणं खोटं होते. समजलं काय?"

"अगा, पण तुह्यं नाव मी त्या यादीत कसं टाकू? ते दिवाळ्याचे लोक..."

"त्या यादीत सावकार होता. कापडवाला होता. बाईचा मामा होता. मोठेमोठे लोक होते. सोळा वर्षं पैसे ठेवले मी, अन् कागदावर मीच नाही. सावकाराचा वकील घरी येऊन सांगते मले, तुह्यं नाव यादीत नाही म्हणून. मले कसं वाटलं असंल?" मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तू तं शिकलेली. तूच टाइप केलं ना ते?"

"हो."

"एक डाव मले विचारलं असतं. मी म्हटलं असतं, लिहा. सगळ्याइच्या बरोबरीनं लिहा."

ते सायकल घेऊन निघून गेले. बाबांनी पैसे दिलेला चहा तसाच ठेल्यावर राहिला, त्यांचाही आणि मिस्त्रीकाकांसाठी सांगितलेलाही.

रिसीव्हरने दोन महिन्यांत सगळं विकलं. खुर्च्या, गंजं, उरलेल्या कनाती. चौदा जणांना रुपयामागे अकरा पैसे मिळाले. मामाने ते घेतले, सावकारानेही घेतले. मी कचेरीत बसून पाठकोऱ्या कागदावर आकडा मांडला. यादीत नाव असतं तर मिस्त्रीकाकांना तीनशेच्या आसपास मिळाले असते, कोर्टाच्या हातून, कोणाचे उपकार न होता. विटांच्या भिंतींना ते पुरले नसते, पण एका बाजूची भिंत झाली असती. आम्ही त्यांचा मान राखला होता म्हणे. आम्ही आमचा राखला होता, त्यांच्या पैशाने. मी बाबांना हे एकदा तोंडावर बोलले. ते म्हणाले, "तुले बोलणं सोपं आहे."

बाबा सदरमधल्या एका बिछायत केंद्रात मजुरीला लागले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पहिल्या पगारातले पन्नास रुपये घेऊन ते इंदोऱ्याला गेले आणि तसेच परत आले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. मिस्त्रीकाका चहा पाजत, पोरीचा अभ्यास दाखवत, आणि पैशाचं निघालं की उठून उभे राहत. एकदा बाबांनी नोटा त्यांच्या चटईखाली ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ते पैसे पोस्टाने आमच्या घरी आले, मनिऑर्डरचा खर्च त्यांचा. काही वर्षांनी कोर्टाचा मुक्ततेचा हुकूम आला. कायद्याने बाबा कोणाचं काही लागत नव्हते. तो कागद त्यांनी वाचून घेतला, घडी घातली आणि आईला म्हणाले, "एकजण राहिला."

मिस्त्रीकाकांच्या मुलीचं लग्न ऐंशीनंतर झालं. ते पत्रिका घेऊन आमच्याकडे आले. बाबांना म्हणाले, "मंडप तुम्ही बांधाचा. सामान मी सदरवाल्याकडून घेतलं, बांधणारा तुम्ही पाहिजे." बाबांचा चेहरा असा झाला की मी आत निघून गेले. त्यांना वाटलं, शेवटी वाट दिली. इतक्या वर्षांनी त्या माणसाने फेडायला जागा दिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा पहाटेच इंदोऱ्याला पोचले. साठी ओलांडलेला माणूस शिडीवर चढून दिवसभर गाठी मारत होता, जवान मजुरांना वर चढू देत नव्हता. निळी-पांढरी कापडं, मधे एक सुरकुती नाही. मी संध्याकाळी त्यांना न्यायला गेले तेव्हा ते खाली उभे राहून वर पाहत होते, जुन्या सवयीने. घराला तीन भिंती विटांच्या होत्या, चौथी अजून कुडाचीच होती.

मिस्त्रीकाका घरातून एक वही घेऊन आले. शाळेची, लाल पुठ्ठ्याची. आणि मोजून नोटा.

"हे काय?" बाबा म्हणाले. "नाही गा. हे माह्यं काम आहे. पोरीचं लग्न आहे. मी घेणार नाही."

"घ्या."

"मिस्त्री, एवढं तरी राहू दे माह्याकडून."

"नाही, मालक. काम केलं त्याचा पैसा त्याच दिवशी घेऊन जावं. कोणाकडे ठेवू नाही." ते सौम्यपणे बोलले, पण हात पुढेच होता. "अन् इथं सही करा."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मी मान डोलावली. त्यांनी नोटा घेतल्या, न मोजता सदऱ्याच्या खिशात घातल्या, आणि वहीवर वाकले. चष्मा नव्हता, म्हणून सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं. लग्नाच्या खर्चाची वही होती. आचारी, भांडी, बत्त्या, फुलं. मिस्त्रीकाकांच्या मुलीच्या हातचं स्वच्छ अक्षर होतं. खाली शेवटच्या ओळीत बाबांचं पूर्ण नाव होतं, पुढे 'मंडप बांधणी', पुढे रक्कम, आणि पुढे लिहिलं होतं, 'दिले.'